नरसाळ्यातला बोळा

कापसाच्या गाड्या नांदुऱ्यात यायला लागल्या की आधी माझे कान टवकारतात आणि मग आठवतं, कशामुळे ते. इतकी वर्षं झाली, हा क्रम काही बदलला नाही. सकाळी अंगणात तोंड धूत असतो. रस्त्यावरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो, दाबून भरलेला कापूस गाडीच्या दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेला असतो, बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकतात. सीझन लागला, असं लोक आनंदानं म्हणतात. मी मात्र चूळ तोंडात धरून थांबतो आणि कान देतो. एखादी जीप चढावर येत असते. तिचं इंजिन सलग चाललंय ना, एवढंच मी ऐकत असतो. सलग असलं की चूळ टाकतो.

मी कोकणातला. शाळा पाचवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, गणिताच्या मास्तरांच्या भीतीनं. घरी सांगितलं की डोकं दुखतं. पुढं रत्नागिरीच्या एका गॅरेजात पाना हातात आला आणि पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला कळतंय. कोल्हापूरला पहिली नोकरी लागली. पंधरा दिवसांत एक इंजिन माझ्या हातून जाम झालं आणि ट्रंक घेऊन परत आलो. गावच्या थांब्यावर उतरलो तेव्हा कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं पुढं कितीतरी दिवस माझ्याबरोबर जेवायला बसायचं. म्हणून गॅरेजच्या मालकांनी दुसऱ्यांदा चिठ्ठी देऊन पार नांदुऱ्याला, एका कापसाच्या जिनिंगच्या जीपवर पाठवलं, तेव्हा निघताना मनाशी एकच ठरवलं होतं. काही होवो, परत यायचं नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमच्याकडं लोक म्हणत, आता बुलढाणा काय नि नागपूर काय, सगळं आपलंच. असेल. मी स्टेशनावर उतरलो तर माती काळी, डोंगर म्हणजे लांबवर एक निळी रेघ, आणि माणसं मराठीच बोलत होती, पण मला दर वाक्याला "काय?" म्हणावं लागत होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. जिनिंगचे मॅनेजरसाहेब जाडजूड, मिशाळ, कोटाच्या खिशात सुपारीची डबी. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "संक्रांतीपावतर पाहू. गाडी नीट चालली तं तू राह्यशील. नाई तं तुले रेल्वेत बसवून देऊ." हसत म्हणाले. मी हसलो नाही.

जिनिंगच्या आवारात कापूस आत जाई आणि त्याचे दोन भाग होऊन बाहेर येत. सरकी एका अंगाला, रुई दुसऱ्या. यंत्रांचा खडखडाट सकाळी सुरू झाला की दिवसभर जमीन पायाखाली थरथरायची. रुई हवेत उडत राहायची. बायांच्या पापण्यांवर, हमालांच्या भुवयांवर, चहाच्या कपात. दुपारपर्यंत सगळं आवार म्हातारं दिसायला लागे. आगीच्या भीतीनं विडीला सक्त बंदी. त्याच भीतीनं पेट्रोलचं पिंपही लांब, विहिरीजवळच्या टिनाच्या खोलीत ठेवलेलं. त्या खोलीची किल्ली नामाकाकांच्या कमरेला.

नामाकाका आवाराचे जुने रखवालदार. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळके, आवाज मात्र यंत्रांवरून ऐकू येईल असा. जिनिंगच्या मागच्याच गल्लीत राहायचे. पहिल्याच दिवशी मी एकटा पायरीवर बसून चुरमुरे खात होतो, तर समोर येऊन उभे राहिले.

"काऊन बे कोकन्या, हे का जेवन आहे?"

"भात कुठं मिळेल, बघतोय."

"भात भात करशील तं वाळून मरशील इथं. ऊठ, चाल."

तेव्हापासून रोज दुपारी काकींच्या हातची ज्वारीची भाकर माझ्यासाठी फडक्यात बांधून येऊ लागली. ठेचा इतका जाळ की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी. काका हसून लोटपोट व्हायचे. "पाहा हो, कोकन्या रडून राह्यला! माय आठवली काय रे?" खरं म्हणजे आठवलेलीच असायची. पण मिरचीच्या नावावर रडता येत होतं, याचं मला फार बरं वाटायचं.

जीप फौजेतून निघालेली, कॅनव्हासच्या छपराची, छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनाची. जुनी, पण मनानं सरळ. इंजिनाकडं पेट्रोल ओढणाऱ्या पंपातली जाळी तेवढी फाटलेली होती, आणि तशी जाळी नांदुऱ्यात मिळेना. म्हणून टाकीत पेट्रोल ओततानाच ते गाळून घ्यायचं. रत्नागिरीला आम्ही मऊ कातड्यातून गाळत असू. मी तसा तुकडा बरोबर आणला होता. तो महिनाभरात फाटला. मग मी जे केलं ते कोकणातल्याच माणसानं करावं. आमच्याकडं कापूस म्हणजे निळ्या कागदात गुंडाळून दुकानातून आणायची वस्तू. देवाच्या वातीपुरता, जखमेपुरता, डबीत जपून ठेवलेला. आणि इथं मी त्यात गुडघाभर उभा. मी ताज्या, स्वच्छ रुईचा एक बोळा केला आणि नरसाळ्याच्या नळीत घट्ट बसवला. इतकी पांढरी वस्तू घाण कशी करील?

नामाकाकांनी पाहिलं. "हे काय करून राह्यला?"

"गाळणी."

"करा बापा. तुही गाडी, तू जान." आणि खांदे उडवून गेले. त्यांना गाडीतलं कळत नव्हतं. मला रुईतलं कळत नव्हतं. त्या गावात जन्मलेल्या कुणाही माणसाला सांगता आलं असतं की रुई जागेवर राहत नाही, तिचे केस सुटतात, कुठंही जातात. पण मी विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण तिथं ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

आठ-दहा दिवसांनी इंजिन अडखळलं.

ज्यानं कधी इंजिन सांभाळलं नाही त्याला ही भीती सांगणं अवघड आहे. बोलता बोलता समोरच्या माणसाची जीभ जड झाली, एक शब्द गिळला गेला, तर आपण कसे चपापतो? तसं. उभी असताना गाडी शहाण्यासारखी गुरगुरायची. पाय दाबला की खोकायची. एक ठोका चुके, मग दोन, मग कार्बोरेटरमधून फट्कन उलटी शिंक. मी प्लग काढून पुसले. पॉईंट घासले. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उचलून पाहिली. जी उचलल्यावर काही फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला, हे पहिलं शिक्षण. पण चारही वायरी उचलताना इंजिन सारखंच मंदावत होतं. म्हणजे चौघेही जिवंत आणि चौघेही आजारी. दुसरा कोणी असता तर त्यानं शांतपणे पुढचा विचार केला असता. मला कोल्हापूरची ट्रंक दिसायला लागली. मी पुन्हा प्लग काढले, जे मी तासापूर्वीच पुसले होते, आणि पुन्हा पुसले.

शुक्रवारी सकाळी मॅनेजरसाहेब चिखलीच्या बाजाराला निघाले. आवारातच गाडीनं तीन शिंका दिल्या. साहेब उतरले, टाकीचं झाकण उघडून नाक लावलं.

"राकेल!"

घासलेटला इकडं राकेल म्हणतात. पेट्रोल काढून विकायचं आणि पिंपात राकेल ओतून उंची सारखी करायची, असल्या कहाण्या तेव्हा कुठं ना कुठं ऐकू येत. साहेब माझ्याकडं वळलेच नाहीत. ते थेट पिंपाच्या खोलीकडं गेले आणि नामाकाकांपुढं हात धरला. "किल्ली."

"साहेब," काका म्हणाले, "या आवारापायी मी बिडी सोडली. अन् मी राकेल मिसळीन?"

"सोमवारी पाहू. तोवर घरी बस."

काकांनी कमरेची किल्ली सोडवली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. सगळे हमाल बघत उभे. मी पाना हातात धरून बॉनेटपाशी उभा होतो. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता येईल. पण राकेल असतं तर प्लग काजळीनं काळे निघाले असते. माझे प्लग खडूसारखे पांढरे होते. हे मी पाहिलं होतं. पाहून पुसून टाकलं होतं.

साहेब गाडीत बसले. मोताळा मागं पडलं, राजूर घाट सुरू झाला. हिवाळ्यातलं ऊन, कडेला वाळलेलं गवत, पुढं कापसाची एक गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. वळणावर तिला ओलांडायला मी पाय दाबला आणि इंजिन खचलंच. ताकद गेली. जीप क्षणभर उभी राहिली आणि मग मागं सरकू लागली. मागं दरीला कठडाही नव्हता, नुसते पांढरे रंगवलेले दगड. मी ब्रेकवर उभा राहिलो. साहेब त्या जाड देहानिशी उडी टाकून उतरले, दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. त्यांची टोपी पडली होती. कोटाला धूळ. ते मला शिवी देतील म्हणून मी मान खाली घातली.

"भेऊ नको," ते धापा टाकत म्हणाले. "मी बी भेलो. कर चालू."

आणि मी, का कोण जाणे, भीतीनंच, चोकचा दांडा अर्धा ओढला. चोक थंड इंजिनासाठी. गरम इंजिनाला तो दिला तर ते घुसमटतं. पण इंजिन मोकळं झालं. सलग, भरल्या आवाजात. जीप घाट चढून गेली. साहेब म्हणाले, "वा!" मला मात्र आता कळलं. चोकनं हवा कमी होते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. त्यानं बरं वाटलं, याचा अर्थ इंजिन उपाशी होतं. पेट्रोलात काही मिसळलेलं नव्हतं. पेट्रोल पोचतच नव्हतं. वाटेत काहीतरी अडकलं होतं. घाटाच्या माथ्यापासून चिखलीपर्यंत मी तसाच चोक ओढून गाडी चालवली. मला ते नरसाळं दिसत होतं.

परत आलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. आवारातली माणसं गेली होती. मी कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी काही नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की मी देवाचं नाव घेतलं. मग पेट्रोल ज्यातून शिरतं ते जेट काढलं. पितळेचा एवढासा तुकडा, मध्ये सुई जाईल न जाईल असं छिद्र. उजेडाकडं धरून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. तोंडाला ओल्या रुईचे चार केस गुंडाळून बसले होते. चारच.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. ते केस मी बोटानं काढले आणि पँटला पुसले. जेटमध्ये फुंकर मारली. बोळा विहिरीत टाकला. गाडी चालू केली. ती अशी गाऊ लागली की तिला कधी काही झालंच नव्हतं.

मला वाटलं होतं, गाडी नीट झाली की गोष्ट मिटेल. शनिवारी सकाळी साहेबांनी आवारात एक फेरी मारून पाहिली आणि उतरता उतरता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा! इकडं किल्ली घेतली, तिकडं गाडी सुधरली. अजून पुरावा कायचा पाह्यजे?" माझ्या हातानं मी जे नीट केलं होतं, त्यानंच काकांवर शिक्का मारला.

त्या दोन दिवसांबद्दल मी कधी कोणाला नीट सांगितलेलं नाही. गल्लीतली पोरं "राकेलवाले, राकेलवाले" म्हणत काकांच्या दारावरून पळत गेली, ती मी ऐकली. काका ओसरीवर पाठमोरे बसून होते. आणि दुपारी भाकर आली. शनिवारी आली, रविवारीही आली. शेजारचा माणूस फडकं माझ्या हातात देऊन म्हणाला, काकींनी सांगितलंय, पोटभर खा, गाडीवरचा माणूस आहे. मी खाल्लं. हे लिहिताना हात थांबतो, पण खाल्लं. भीती माणसाची भूक मारते म्हणतात, माझी नाही मारली. ती फक्त माझी जीभ मारून बसली होती. मनात मी सारखा हिशेब मांडत होतो. काकांना इथं घर आहे, माणसं आहेत, ते कुठंतरी लागतील. मला कोण आहे? मी बोललो की संक्रांतीची वाटच बघायला नको. ट्रंक, स्टेशन, गावचा थांबा, आणि ती न बोलणारी माणसं. मग मध्येच आठवायचं, न बोलणारा आता मीच आहे.

आता वय झालं. या जिल्ह्यातली कितीतरी इंजिनं माझ्या कानाखालून गेली. धामणगाव बढे गावचे लोक जीप घेऊन येतात, सांगतात, "काका, अडखळते." मी आधी विचारतो, शेवटचा हात कोणाचा लागला होता? माणूस चपापतो. मला त्याची कीव येते. दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम पान्यानं होत नाही, हे मी त्याला सांगत नाही. चहा सांगतो.

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीपुढं मी उभा राहिलो तेव्हा पाना अजून माझ्या हातात होता. आत काका हात जोडून उभे. साहेब म्हणत होते, "तू जुना माणूस, म्हणून पोलिसात नाही देत." मी आत गेलो आणि म्हणालो, "राकेल नव्हतं. रुई होती. माझ्या बोळ्याची."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि पुढं धरलं. बोटावर पांढरा धागा. "रुई तं माह्या मिशीतबी आहे. त्याले वाचवायले सांगून राह्यला काय?"

मग दाखवावं लागलं. बाहेर, यंत्रं थांबवून, सगळ्यांच्या देखत. मी नवा बोळा केला, नरसाळ्यात बसवला, पांढऱ्या थाळीवर केस दिसले नसते म्हणून खाली काळा तवा ठेवला आणि पेट्रोल ओतलं. ते उडून जाईपर्यंत सगळे तव्याभोवती उभे होते. तव्यावर केस राहिले. बारीक, वळलेले, पाच-सहा. एक म्हातारी मजूर बाई पुढं वाकून म्हणाली, "बाई बाई, रुईनं गाळते का कोनी?" कोणीतरी फिस्सकन हसलं.

साहेब हसले नाहीत. "तुले कवा समजलं?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार हाय."

मी मान हलवली. पुढचं ऐकायला कान घट्ट केले. साहेबांनी तव्यावरचा एक केस बोटानं उचलून पाहिला. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी काकांच्या हातात दिली, आणि त्यांच्याकडं न पाहताच म्हणाले, "नामदेव, माह्यं चुकलं." मला म्हणाले, "संक्रांतीपावतर म्हटलं होतं. संक्रांतीपावतर पाहू." आणि आत गेले. पुढं संक्रांत आली, गेली, आणखी कितीतरी आल्या. मला कोणी रेल्वेत बसवलं नाही. त्या माणसाचे उपकार मी फेडायचे म्हटले तरी कसे फेडणार, घाटात माझ्यासाठी धोंडा उचलला त्यानं.

काका किल्ली हातात धरून उभे होते. कमरेला बांधली नाही. माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसावी असंही वाटलं. ते मला ओलांडून गेले आणि जीपमध्ये, साहेबांच्या जागेवर जाऊन बसले.

"चाल. घरी सोड मले."

घर हाकेच्या अंतरावर. पण मी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी पहिल्या ओट्यावर चार माणसं बसली होती. "थांब," काका म्हणाले. मी थांबलो. "सांग."

"काय सांगू?"

"जे साहेबाले सांगतलं ते."

मी सांगितलं. आवाज फुटेना. "मोठ्यानं सांग, इंजिन चालू हाय," काका म्हणाले. मी मोठ्यानं सांगितलं. पुढच्या दारी पुन्हा थांब, पुन्हा सांग. पिठाच्या गिरणीपुढं, विहिरीवरच्या बायांपुढं, त्या पोरांपुढं. काका समोर पाहत बसलेले, ताठ, किल्ली मुठीत, एकदाही हसले नाहीत की चिडले नाहीत. साऱ्या गल्लीत मी सात वेळा चोर झालो. सातव्या वेळी काकांना "मोठ्यानं सांग" म्हणावं लागलं नाही.

शेवटचं दार त्यांचंच. काकी चुलीपुढून उठून, ओले हात पदराला पुसत ओसरीवर आल्या होत्या. जीपकडं, काकांकडं, माझ्याकडं पाहत उभ्या. मी खाली उतरलो आणि तोंड उघडलं.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इथं नको सांगू," ते म्हणाले. "तिनं मले इचारलंच नाही."